देवळालीचा ताप : एका इंग्रजी शब्दाचे मूळ आणि कूळ

१

चैत्र-वैशाखात भर दुपारी सोलापूरच्या नव्या पेठेतून जाणाऱ्याच्या कानावर ‘ताप’ हा शब्द किती अर्थांनी पडतो, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. उन्हाचा ताप तर असतोच. पन्नास साड्या उलगडायला लावून काहीही न घेता उठून जाणाऱ्या गिऱ्हाइकाचा ताप असतो, थकलेल्या उधारीचा असतो. कापडाच्या एका दुकानात मी ऐकलेला संवाद मात्र मनात राहून गेला. पोर तापाने फणफणले आहे, आज लवकर जाऊ द्या, असे दुकानातला नोकर मालकाला सांगत होता. आणि ‘डोक्याला ताप देऊ नकोस’ असे मालकाचे उत्तर होते. दोन वाक्यांच्या अवकाशात एकच शब्द शरीरातून मनात आणि नोकराच्या घरून मालकाच्या डोक्यात गेला होता. या स्थलांतरात पोराचा ताप कुठे राहिला, हे विचारण्याची गरज दोघांनाही वाटली नाही. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी या भाषा एकमेकींच्या अंगावरून जातात अशा या पेठेत शब्दांची अशी ये-जा नित्याची आहे, त्यामुळे तीकडे लक्ष जात नाही.

त्याच सुमारास पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने, इंग्रजी कादंबरी वाचताना भेटलेल्या ‘डुलॅली’ या शब्दाचा अर्थ विचारला. कोशात ‘बोलीतील शब्द, वेडसर, भ्रमिष्ट’ एवढे त्याला मिळाले होते. या शब्दाचे मूळ आपल्या नाशिक जिल्ह्यातील देवळालीत आहे, एवढी माहिती आता पुष्कळांना असते, आणि गमतीचा तपशील म्हणून ती सांगितलीही जाते. परंतु मूळ शब्द नुसता ‘डुलॅली’ नव्हता; तो ‘डुलॅली टॅप’ असा जोडशब्द होता, आणि त्यातील दुसरा घटक हा नव्या पेठेतला आपला ‘ताप’च होय. हा दुसरा घटक का आला आणि का गळाला, त्याने कोणाच्या तापाला नाव दिले आणि कोणाच्या तापाला दिले नाही, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. शब्दाचे मूळ सांगून थांबणारी व्युत्पत्ती त्याचे कूळ सांगतेच असे नाही, असे मला येथे दाखवायचे आहे.

२

इंग्रजी बोलीत चिडक्या, तिरसट, बिथरलेल्या माणसासाठी शब्दांची वाण नाही. त्यांपैकी बहुतेक शब्द प्राण्यांवरून, शरीराच्या अवयवांवरून किंवा यंत्रांवरून आलेले आहेत. ‘डुलॅली टॅप’ हा त्यांत वेगळा पडतो, कारण तो एका छावणीवरून आला आहे. आज त्याचा अर्थ सरळ वेडाकडे झुकलेला असला तरी सैनिकांच्या मूळ वापरात तो राग आणि वेड यांच्या सीमेवरचा होता. विनाकारण खेकसणे, क्षुल्लक गोष्टीवरून हातघाईवर येणे, दारूत आणि जुगारात स्वतःला बुडवणे, आजवर निष्कलंक असलेल्या माणसाने अचानक विचित्र वागणे, अशा साऱ्या प्रकारांना मिळून ‘त्याला डुलॅली टॅप झालाय’ असे म्हटले जाई. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द ‘माथे भडकणे’ हा म्हणावा लागेल; ‘वेड लागणे’ हा नव्हे.

हा शब्द कोशात शिरला तो पहिल्या महायुद्धानंतर. फ्रेझर आणि गिबन्स यांच्या सैनिक व खलाशांच्या शब्दसंग्रहात (१९२५) तो नोंदला गेला आहे. पुढे ब्रॉफी आणि पार्ट्रिज यांनी १९१४ ते १९१८ या काळातील ब्रिटिश सैनिकांची गाणी आणि बोली संकलित केली (१९३०). या तारखांचा अर्थ नीट लावला पाहिजे. त्या शब्दाचा जन्म दर्शवत नाहीत. सुशिक्षित कानांनी तो केव्हा ऐकला एवढेच दर्शवतात. महायुद्धापूर्वीचे खडे सैन्य हे ब्रिटिश समाजाच्या तळातून भरती झालेले, बराकीत कोंडलेले असे एक वेगळेच जग होते. महायुद्धात सक्तीच्या भरतीने कारकून, शिक्षक, विद्यार्थी या जगात आले, आणि जुन्या शिपायांच्या तोंडचे हिंदुस्थानी शब्द त्यांच्या वह्यांत उतरले. यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) हा अँग्लो-इंडियन शब्दांचा थोर कोश मुख्यतः व्यापारी, मुलकी अधिकारी, प्रवासी आणि इतिहासकार यांच्या लिखित परंपरेवर उभा आहे. बराकीतल्या शिपायाला लिखित परंपरा नव्हती. म्हणून त्याच्या शब्दाचा जन्म तोंडावर झाला, आणि नोंद फार उशिरा.

ध्वनींच्या बाजूने पाहिले तर ‘देवळाली’मधील ‘ळ’ इंग्रजी जिभेला पेलणारा नव्हता. सरकारी रोमन लेखनात ‘देव’चे ‘देओ’ झाले, आणि शिपायाच्या उच्चारात ते आखडून ‘डू’ झाले. गंमत अशी की या अपभ्रंशाने इंग्रजी कानाला अंगाईगीतातल्या लाडिक निरर्थक नादाचे स्मरण व्हावे असा आकार घेतला. ‘टॅप’चेही असेच झाले. संस्कृत ‘ताप’ आणि फारसीतून हिंदुस्थानीत आलेला ज्वरवाचक ‘तप’ हे जुन्या नात्यातले शब्द. शिपायाने कोणता उचलला हा प्रश्न निरर्थक आहे, कारण छावणीच्या बाजारात दोन्ही एकत्रच नांदत होते. परंतु इंग्रजीत ‘टॅप’ म्हणजे हलका ठोका, आपली टपली. ज्याला हिंदुस्थानी येत नाही अशा श्रोत्याला ‘डुलॅली टॅप’ ऐकून डोक्यावर बसलेल्या टपलीचे चित्र दिसणे स्वाभाविक होते. शब्द इंग्लंडात पोचला तेव्हा ज्वर हा अर्थ अपारदर्शक झाला होता. मग हा घटक गळून गेला आणि केवळ स्थलनाम उरले. रोगाचे नाव गेले आणि गावाच्या नावालाच रोगाचा अर्थ आला.

३

देवळालीलाच हे का घडावे? नाशिकजवळच्या या माळावर १८६१ मध्ये ब्रिटिश सैन्याची तात्पुरत्या मुक्कामाची छावणी उभी राहिली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा थळ घाटातला चढ १८६५ मध्ये पुरा झाला, आणि मुंबई बंदरातून गाडीत बसलेला शिपाई घाटमाथ्यावरच्या कोरड्या, थंड हवेत सहज पोचू लागला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. त्याच सुमारास केवळ हिंदुस्थानच्या सैन्यवाहतुकीसाठी बांधलेली पाच मोठी जहाजे फेऱ्या करू लागली. त्यांतील एकाचे नाव ‘मलबार’ आणि एकाचे ‘जमना’ होते. १८७० च्या कायद्याने ब्रिटिश सैन्यात अल्पमुदतीची भरती आली. बारा वर्षांच्या करारातील सहा वर्षे प्रत्यक्ष चाकरी आणि उरलेली सहा राखीव, अशी ती मूळ योजना होती. परिणामी हिंदुस्थानात येणाऱ्या आणि मुदत संपवून परतणाऱ्या शिपायांची ये-जा पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली. या ये-जेचा उंबरठा म्हणजे देवळाली.

या उंबरठ्याला एक कुलूप होते, ते ऋतूचे. तांबड्या समुद्रातील उन्हाळा आणि अरबी समुद्रातील पावसाळा टाळण्यासाठी सैन्यवाहू जहाजे साधारणपणे शरद ऋतूपासून वसंताच्या आरंभापर्यंतच चालत. हंगामातील शेवटचे जहाज सुटल्यावर ज्याची मुदत संपली, त्याला पुढचा हंगाम येईपर्यंत महिनोन्महिने थांबावे लागे. तो शिपाई आता शिपाई उरलेला नसे आणि नागरिकही झालेला नसे. त्याची पलटण मागे राहिलेली, घर समुद्रापार. कागदोपत्री तो मोकळा, प्रत्यक्षात बांधलेला.

या अवस्थेचे सर्वांत विश्वसनीय वर्णन फ्रँक रिचर्ड्स यांनी ‘ओल्ड सोल्जर साहिब’ (१९३६) या आठवणींत केले आहे. वेल्समधील कोळसाखाणीत काम केलेला हा माणूस विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉयल वेल्श फ्युजिलिअर्समधील साधा शिपाई म्हणून हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात होता. त्याच्या सांगण्याचा आशय असा : देवळालीत थांबलेल्या मुदतपूर्ण शिपायांपाशी शस्त्रे नसत, काम जवळजवळ नसे, क्वचित सामानाची तपासणी किंवा एखादी लांबची कूच एवढेच, वेळ खायला उठे. ज्यांच्या चाकरीवर कधी डाग नव्हता अशी माणसे येथे गुन्हे करून तुरुंगात जात आणि शिक्षा भोगून मगच घरी परतत. काही गुप्तरोग पदरी घेऊन इस्पितळात जात. ‘डुलॅली टॅप’ हा शब्दप्रयोग या छावणीतल्या कंटाळ्यातूनच निघाला असावा, असे रिचर्ड्स ‘मला वाटते’ अशा सावध शब्दांत म्हणतात. ज्याने ती बराक पाहिली, त्याने ऊन, डास वा दैव यांना दोष दिला नाही. त्याने कंटाळ्याकडे बोट दाखवले, हे येथे महत्त्वाचे आहे.

यातला विरोधाभास मराठी वाचकाच्या सहज लक्षात येईल. आपल्या आणि विशेषतः मुंबईच्या पारशी-गुजराती कुटुंबांच्या मनात देवळाली म्हणजे उत्तम हवा. हवापालटासाठी तेथे आरोग्यधामे बांधली गेली, आजाऱ्यांना ‘देवळालीला नेऊन आणा’ असा सल्ला दिला गेला. छावणीची जागाही हवा चांगली म्हणूनच निवडलेली. ज्या गावाचे नाव एका भाषिक समाजात प्रकृती सुधारण्याचे चिन्ह झाले, तेच नाव दुसऱ्या समाजात ज्वराचे चिन्ह झाले. याचा अर्थ इतकाच, की तो ज्वर हवेत नव्हता.

४

तरीही आज अधिक प्रचलित असलेले स्पष्टीकरण निराळे आहे. देवळालीत सैनिकांसाठी वेड्यांचे इस्पितळ होते, म्हणून तो शब्द आला, असे अनेक लोकप्रिय पुस्तकांत सांगितलेले आढळते. छावणीत लष्करी इस्पितळे होती, महायुद्धांच्या काळात ती मोठी होती, आणि त्यांत मनाने खचलेले सैनिक असणारच. परंतु हिंदुस्थानातील गोऱ्या वेड्यांची अधिकृत व्यवस्था फार पूर्वीपासून निराळी होती. ईस्ट इंडिया कंपनी अशा रुग्णांना मायदेशी पाठवी. १८१८ पासून लंडनच्या हॅकनी भागातील पेम्ब्रोक हाऊसमध्ये, आणि १८७० पासून १८९२ पर्यंत ईलिंग येथील रॉयल इंडिया असायलममध्ये त्यांना ठेवले जाई. बोलीला वेडाच्या संस्थेचेच नाव हवे असते तर ‘ईलिंग’ तिच्या हाताशी होते. बोलीने छावणी निवडली.

इस्पितळाचे स्पष्टीकरण लोकांना पटते, कारण ते एका ओळखीच्या साच्यात बसते. लंडनच्या बेथलेहेम इस्पितळावरून इंग्रजीत गोंधळवाचक ‘बेडलम’ आला. १८५१ मध्ये उघडलेल्या कोलनी हॅच येथील वेड्यांच्या इस्पितळाचे नावही तेथील बोलीत वेडाचे पर्यायी नाव झाले. आपण तरी वेगळे काय करतो? ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याची खोली तयार ठेवा’ ही वाक्ये मराठीत कोणालाही समजावून सांगावी लागत नाहीत. या साच्यात गाव हे संस्थेचे आणि संस्था ही रोगाची खूण असते. रोग अगोदरचा, गाव त्याला सामावून घेते.

देवळालीचा साचा याच्या उलट आहे. येथे गाव रोगाला सामावून घेत नाही, ते रोग उत्पन्न करते. याला अधिक जवळचे उदाहरण फ्रेंच भाषेत आहे. १९१४ मध्ये जोफ्र या सेनापतीने अकार्यक्षम ठरवलेले अनेक अधिकारी आघाडीपासून दूर लिमोज या शहराच्या बाजूला धाडले, आणि त्यावरून ‘लिमोजे’ म्हणजे पदावरून दूर करणे हे क्रियापद फ्रेंचमध्ये रूढ झाले. तेथेही गावाचा दोष नाही. हुकूमाची स्मृती गावाच्या नावात गोठली आहे. उत्तर आफ्रिकेतील फ्रेंच सैनिकांच्या ‘काफार’ या शब्दाची तुलनाही उद्बोधक ठरेल. काफार म्हणजे झुरळ. वाळवंटातल्या ठाण्यावर महिनोन्महिने पडून राहिलेल्या शिपायाच्या डोक्यात हे झुरळ शिरते, आणि मग तो खिन्न होतो, चिडतो, गोळीही झाडतो. अवस्था तीच; परंतु फ्रेंच शिपायाने कारण कीटकात पाहिले, ब्रिटिश शिपायाने छावणीत. या दृष्टीने ‘डुलॅली टॅप’ हा अधिक जागृत शब्द होता, असे म्हणता येईल. त्यात एक तक्रार होती. आजच्या ‘डुलॅली’त ती तक्रार उरलेली नाही. इस्पितळाची कथा ही त्या विस्मृतीची परिणती आहे.

५

तक्रार कोणाविरुद्ध होती, हे पाहण्यासाठी आपल्या परंपरेतील एक वर्गीकरण उपयोगी पडते. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’चा आरंभच त्रिविध दुःखाने होतो, आणि रामदासांनी ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकातील तीन समास तीन तापांना दिले आहेत. तपशिलात दोन्हींत फरक आहेत, तरी सर्वसाधारणपणे स्वतःच्या देहामनातून उद्भवतो तो आध्यात्मिक ताप, इतर प्राणिमात्रांपासून होतो तो आधिभौतिक. तिसऱ्या, आधिदैविक तापाचा रामदासांकडील रोख यमयातनांवर आहे. सांख्यांच्या अर्थाने दैव आणि निसर्ग यांच्यापासून येतो तो. ही विभागणी मोक्षविचारासाठी केलेली असली, तरी कारणाचा पत्ता विचारण्याची तिची शिस्त समीक्षेला घेण्यासारखी आहे.

साम्राज्याच्या वैद्यकाने गोऱ्या माणसाच्या चिडचिडीचा पत्ता आधिदैविकात, म्हणजे हवामानात, शोधला. १८६९ मध्ये अमेरिकन वैद्य जॉर्ज बिअर्ड यांनी ‘न्यूरास्थेनिया’, म्हणजे मज्जादौर्बल्य, ही संज्ञा प्रचारात आणली. १९०५ मध्ये अमेरिकन लष्करी वैद्य चार्ल्स वुडरफ यांनी उष्ण प्रदेशातील प्रकाशाचा गोऱ्या माणसांवरील परिणाम या विषयावर ग्रंथ लिहिला. यातून ‘उष्णकटिबंधीय मज्जादौर्बल्य’ हा निदानप्रकार उभा राहिला. त्याची लक्षणे म्हणजे थकवा, निद्रानाश, विस्मरण आणि विशेषेकरून चिडखोरपणा. त्यावर उपाय म्हणजे रजा, थंड हवेचे ठाणे किंवा मायदेशाची फेरी. हा उपाय कोणाला परवडणारा होता, ते सांगायला नको. अधिकाऱ्याच्या चिडचिडीला ग्रीक नाव आणि रजेचा अर्ज मिळाला; शिपायाच्या चिडचिडीला छावणीतले टोपणनाव आणि पहाऱ्याची कोठडी मिळाली. पहिल्या महायुद्धात हीच विभागणी पुन्हा दिसते. खंदकांतील मानसिक आघाताने कोसळलेल्या अधिकाऱ्यांत चिंताविकार आणि शिपायांत ‘हिस्टेरिया’ आढळतो, असे रिव्हर्स यांच्यासारख्या सहृदय मानसवैद्यानेही नोंदवले आहे. एकाच तापाला दर्जानुसार दोन नावे मिळाली.

साहित्यात या तापाची नोंद कोशांच्या आधी झाली. किपलिंग यांच्या १८८८ मधील ‘इन द मॅटर ऑफ अ प्रायव्हेट’ या कथेत उन्हाळ्यातल्या बराकीत सिमन्स नावाच्या शिपायाचा सोबती आपल्या पोपटाला त्याला ‘सूअर’ म्हणायला शिकवतो. या अखंड छळाने सिमन्सचे डोके फिरते, तो सोबत्याला गोळी घालतो आणि शेवटी फासावर जातो. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कथेत ऑर्थरिस हा शिपाई लंडनच्या आठवणीने काही काळ वेडापिसा होतो. किपलिंग शिपायाच्या बाजूने उभे राहतात आणि रिकामपणाची यातना नेमकी पकडतात. परंतु दोष उन्हावर जाईल याचीही काळजी घेतात. एक मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. गोऱ्या शिपायाला वेड लावणारा शब्द या भूमीतलाच आहे, आणि तो पोपटाच्या तोंडी आहे. ज्यांच्या भाषेतून तो आला ती माणसे कथेच्या परिघावरच राहतात.

६

येथे या निबंधाला एक अडचणीचे वळण घ्यावे लागते. १९३० च्या मार्शल लॉची स्मृती जपणाऱ्या सोलापुरात बसून ब्रिटिश शिपायाच्या कंटाळ्याविषयी सहानुभूतीने लिहिणे सोपे नाही. आणि केवळ सहानुभूतीवर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारण चिडलेला माणूस आपली चीड कोठेतरी उतरवतो. छावणीत आणि बंगल्यात ती उतरली पंखेवाल्यावर, सईसावर, खानसाम्यावर.

१८७६ मध्ये गाजलेले फुलर प्रकरण प्रसिद्ध आहे. आग्र्यातील हा इंग्रज वकील रविवारी सहकुटुंब चर्चला निघाला, तेव्हा गाडीपाशी सईस हजर नव्हता. बोलावल्यावर तो आला. त्याबद्दल फुलरने त्याला डोक्यावर, तोंडावर हाताने मारले आणि केस धरून खाली पाडले. कटवारू नावाचा तो सईस त्यानंतर थोड्याच वेळात मेला. वैद्यकीय निष्कर्ष : वाढलेली प्लीहा फुटल्याने मृत्यू. शिक्षा : ३० रुपये दंड. लॉर्ड लिटन यांच्या सरकारने या निकालावर जाहीर नापसंती दर्शवली म्हणून हे प्रकरण इतिहासात उरले. अशा खटल्यांत मृताच्या रोगट प्लीहेचा मुद्दा पुन्हा पुन्हा येत राहिला, आणि देशी वृत्तपत्रांनी त्यावर कडवट टीका केली. १९०२ मध्ये सियालकोट येथे नवव्या लान्सर्स पलटणीच्या शिपायांनी मारल्याने अटू नावाचा स्वयंपाकी मेला. अपराधी सापडले नाहीत, म्हणून कर्झन यांनी साऱ्या पलटणीची रजा बंद केली. पुढच्याच वर्षी दिल्ली दरबारात ही पलटण समोरून गेली तेव्हा तेथील युरोपीय प्रेक्षकांनी तिचा जयजयकार केला.

या खटल्यांतील प्लीहा हा शब्द शब्देतिहासाच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारा आहे. संस्कृत ‘प्लीहन्’ आणि इंग्रजी ‘स्प्लीन’ हे एकाच भारोपीय मुळाचे. आणि इंग्रजीत ‘स्प्लीन’चा दुसरा अर्थच चिडखोरपणा, खुनशी विषाद हा आहे. जुन्या युरोपीय वैद्यकाने या अवयवाला दुर्मुखलेपणाचे घर मानले. पोप यांच्या ‘द रेप ऑफ द लॉक’च्या १७१४ च्या आवृत्तीत ‘स्प्लीन’ची एक गुहाच आहे, आणि बोदलेअरने तो शब्द फ्रेंच कवितेत नेऊन आधुनिक माणसाच्या मनोव्यथेचे नाव केला, हे आपल्या नवकाव्याच्या अभ्यासकांना ठाऊक आहेच. म्हणजे साहेबाच्या ‘स्प्लीन’ने सईसाची प्लीहा फोडली. एक शब्द मनाचा, दुसरा मांसाचा. आणि सईसाची प्लीहा वाढलेली का होती? मराठीत जिला पानथरी म्हणतात ती वाढते, त्याचे अगदी सर्वसाधारण कारण वारंवार येणारा हिवताप. सईसाला ताप होता. खराखुरा, अंगात मुरलेला. न्यायालयात तो आला तेव्हा मात्र दुखण्याचे नाव म्हणून आला नाही. मारणाऱ्याच्या बचावाचा पुरावा म्हणून आला. तापाने पोखरलेला देह नाजूक होता, म्हणून मारणाऱ्याचा अपराध हलका झाला.

आता तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात. अधिकाऱ्याच्या तापाला शास्त्राचे नाव आहे. शिपायाच्या तापाला बोलीचे नाव आहे, आणि त्याने ते नाव नोकराच्या भाषेतूनच उसने घेतले आहे. ज्याच्या भाषेतून शब्द आणि ज्याच्या अंगात रोग, त्या माणसाच्या तापाला या कोशात जागा नाही. देवळालीच्या छावणीत पंखा ओढणाऱ्याचा, पाणी भरणाऱ्याचा, बाजारात अंडी विकणाऱ्याचा दिवस कसा जात होता, त्यांनी या बिथरलेल्या गोऱ्यांना आपसांत कोणते नाव ठेवले होते, हे या कोशांवरून कळत नाही. ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ (१९७४ ते १९८१) या ब्रिटिश दूरदर्शन-मालिकेचा आरंभ देवळालीच्या छावणीत होतो. तिच्या लेखकद्वयातील जिमी पेरी हे स्वतः युद्धकाळात तेथे होते. मालिकेतला रंगी राम हा नोकर बोलका आणि चतुर आहे. परंतु ती भूमिका मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने रंग लावून केली. नोकराला बोलू दिले, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

७

यावर आक्षेप घेता येईल. शब्दाचा अर्थ त्याच्या आजच्या व्यवस्थेतील संबंधांनी ठरतो. ‘डुलॅली’ वापरणाऱ्या इंग्रजाला देवळाली ठाऊक असण्याची गरज नाही. व्युत्पत्ती ही अर्थाची अट नव्हे. सोस्यूरनंतर या आक्षेपाचे बळ नाकारता येत नाही, आणि नाकारण्याचे कारणही नाही. देवळाली विसरून ‘डुलॅली’ म्हणणाऱ्यावर आरोप करण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न निराळा आहे. विस्मृतीला एक दिशा असते का?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच भाषेतील एका शब्दाने देता येईल. ‘त्रागा करणे’ म्हणजे आज आदळआपट करणे, चिडून स्वतःला त्रास करून घेणे. परंतु त्रागा हे मुळात गुजरात-काठेवाडातील भाट-चारणांच्या एका भीषण प्रथेचे नाव होते. ज्याच्या जामिनकीवर व्यवहार झाला तो चारण, वचन मोडले गेल्यास, मोडणाऱ्याच्या दारात स्वतःला जखमी करून घेई, प्रसंगी स्वतःचा किंवा आप्ताचा जीव घेई. त्या रक्ताचे पाप वचन मोडणाऱ्याच्या माथी बसे. ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये या प्रथेची नोंद आहे. ज्याच्यापाशी दुसरे शस्त्र नाही, त्याचा तो न्याय मागण्याचा मार्ग होता. आज घरातल्या बाईने न्याय मागितला तर ‘उगाच त्रागा करू नकोस’ असे आपण म्हणतो. मागणे गळाले, स्वभावदोष उरला.

‘डुलॅली’ आणि ‘त्रागा’ या दोन शब्दांचा प्रवास एकाच दिशेचा आहे. दोहोंच्या आरंभी कोणीतरी कोणावर केलेला अन्याय आहे. एकीकडे वाहतुकीच्या सोयीसाठी माणसाला थांबवून ठेवणारे सैन्य, दुसरीकडे दिलेले वचन मोडणारा बलवान. दोहोंच्या अखेरीस केवळ चिडणारा माणूस उरतो, आणि त्याचे चिडणे हाच त्याचा रोग ठरतो. सांख्यांच्या भाषेत, जो ताप आधिभौतिक होता तो आध्यात्मिक म्हणून नोंदला गेला. चिडचिडीच्या शब्दांचा इतिहास लिहिताना म्हणूनच ‘हा शब्द कुठून आला’ या प्रश्नाबरोबर ‘यातून कोण वगळले गेले’ हा प्रश्न विचारावा लागतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोशात मिळते. दुसऱ्यासाठी कधी सैनिकाच्या आठवणी वाचाव्या लागतात, कधी खटल्याचे निकाल.

देवळाली आजही छावणी आहे, तोफखान्याची शाळा तेथे आहे, आणि हवा अजून चांगली मानली जाते. इंग्रजीत ‘डुलॅली’ आता विनोदी शब्द आहे, तो तसाच राहील. नव्या पेठेतला तो नोकर त्या दिवशी लवकर घरी गेला की नाही, हे मी पाहिले नाही. मी माझी खरेदी उरकून निघून गेलो होतो. पुढे विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ सांगताना लक्षात आले, की त्या दुकानात मलाही मालकाचाच ताप अधिक स्पष्ट ऐकू आला होता.